मेटल डिटेक्टरची खोली: कॉइल केवढी घ्यावी, फ्रीक्वेन्सी कोणती ठेवावी

"हे मशीन किती खोल जातं?" डिटेक्टर घेणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो. याचं एका आकड्यात उत्तर मिळालं, तर त्यावर विसंबू नका. तेच मशीन, तीच बॅटरी आणि तीच कॉइल (दांड्याच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची चकती) घेऊन मऊ वाळूत नाणं २५ सेंमीवर सापडू शकतं आणि लोहयुक्त लाल मातीत तेच नाणं १२ सेंमीवर हरवू शकतं. खोली तीन गोष्टींवर ठरते: वस्तूकडून परत येणारा सिग्नल, जमिनीचा आणि हवेतला गोंगाट, आणि त्या गोंगाटातून सिग्नल वेगळा काढण्याची मशीनची व तुमची ताकद. कॉइलचा आकार आणि फ्रीक्वेन्सी (कॉइलमधला प्रवाह सेकंदाला किती आवर्तनं करतो तो आकडा) या तिन्हींवर परिणाम करतात. एका बाजूने फायदा झाला की दुसऱ्या बाजूने काहीतरी द्यावं लागतं. ही देवाणघेवाण नीट कळली की कॉइल निवडायला फार वेळ लागत नाही.

आधी हिशोब: सिग्नल इतक्या लवकर का विझतो

सर्वसाधारण व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रीक्वेन्सी, म्हणजे सतत लहर सोडणाऱ्या नेहमीच्या प्रकारच्या) डिटेक्टरच्या कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एकीतून बदलता प्रवाह सोडला जातो, त्यामुळे जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात गोल फिरणारे प्रवाह सुरू होतात, त्यांना एडी करंट म्हणतात. हे प्रवाह स्वतःचं छोटं चुंबकीय क्षेत्र तयार करतात आणि ते दुसरी गुंडाळी पकडते.

कॉइलपासून बरंच दूर गेल्यावर हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. वस्तूकडून परत येणारं क्षेत्रही तसंच घटतं. जाताना तीन घात आणि येताना तीन घात, म्हणजे परतलेला सिग्नल अंतराच्या सहाव्या घाताने कमी होतो. खोली दुप्पट हवी असेल तर सिग्नल ६४ पट लागेल. उलट बाजूने पाहिलं, तर काही युक्तीने सिग्नल दुप्पट केला तरी त्या खोल टप्प्यावर पदरात पडणारी वाढ सुमारे १२ टक्के, म्हणजे २० सेंमीची साडेबावीस सेंमी.

हा हिशोब लक्षात ठेवा. "दुप्पट खोली" असं सांगून कॉइल किंवा मशीन विकायला कुणी आलं, तर हाच आकडा उपयोगी पडतो.

मोठी कॉइल नेमकं काय देते

मोठ्या कॉइलचं क्षेत्र जास्त दूरपर्यंत टिकतं. पण त्यालाही मर्यादा आहे, आणि ती सूत्रातून सरळ दिसते. कॉइलमधला प्रवाह आणि वेढे तेवढेच ठेवले, तर एखाद्या ठरावीक खोलीवर सर्वांत जास्त क्षेत्र देणाऱ्या कॉइलची त्रिज्या त्या खोलीच्या सुमारे १.४ पट असते. त्यापेक्षा कॉइल मोठी केली की त्या खोलीवरचं क्षेत्र पुन्हा कमी होऊ लागतं.

मी तीन नेहमीच्या मापांचा हिशोब मांडून पाहिला: १५, २८ आणि ३८ सेंमी व्यासाच्या कॉइल, म्हणजे ६, ११ आणि १५ इंची. वस्तू कॉइलच्या बरोबर मध्याखाली आहे आणि प्रवाह व वेढे सारखे आहेत असं धरलं. वस्तू २० सेंमी खोल असेल तर २८ सेंमीची कॉइल १५ सेंमीच्या कॉइलपेक्षा जवळपास साडेपाच पट सिग्नल देते. ही उडी मोठी आहे. पण २८ वरून ३८ सेंमीवर गेल्यावर त्याच खोलीला फक्त १.६ पट मिळतो. आता वस्तू ५ सेंमीवर आणा. चित्र उलटतं: १५ सेंमीची कॉइल ३८ सेंमीच्या कॉइलपेक्षा अडीच पटीहून जास्त सिग्नल देते. वरच्या थरातला बारीक सोन्याचा कण किंवा कानातल्याची मागची फिरकी मोठ्या कॉइलखालून निसटते, ती यामुळेच.

हा हिशोब झाला आदर्श परिस्थितीचा, त्यात जमीन धरलेलीच नाही. प्रत्यक्षात मोठ्या कॉइलखाली माती जास्त येते आणि मातीतली लोहखनिजंही जास्त येतात. त्यामुळे मातीचा स्वतःचा सिग्नल वाढतो. विजेच्या तारा, मोटारी, जवळ चालू असलेलं दुसरं मशीन यांचा आवाजही मोठी कॉइल जास्त गोळा करते. मऊ, स्वच्छ जमिनीत मोठ्या कॉइलचा फायदा बराचसा हाती लागतो. खनिजांनी भरलेल्या जमिनीत तोच फायदा माती गिळून टाकते, आणि कधी कधी मधल्या आकाराची कॉइल मोठीपेक्षा खोल जाते.

अनुभवी लोक एक ढोबळ नियम सांगतात: नाण्याएवढ्या वस्तूसाठी खोली साधारण कॉइलच्या व्यासाएवढी. छोट्या आणि मधल्या कॉइलसाठी तो बऱ्यापैकी जुळतो. ३८ सेंमीच्या कॉइलला मात्र तो लावू नका. नाणं ३८ सेंमीवर सापडेल या आशेने निराशाच होईल. एवढी कॉइल खरी कामाची ठरते ती भांडं, पेटी, तोफगोळा अशा मोठ्या वस्तूंसाठी.

आकारासोबत जातही बघा

सारख्या व्यासाच्या दोन कॉइल सारख्या वागतीलच असं नाही. कॉन्सेंट्रिक कॉइलमध्ये एका वर्तुळात दुसरं वर्तुळ असतं. तिचं क्षेत्र खाली निमुळतं होत जातं, त्यामुळे खोलात कॉइलच्या मध्याखालचा छोटा भागच तपासला जातो. डबल-डी कॉइलमध्ये इंग्रजी डी अक्षरासारख्या दोन गुंडाळ्या मध्ये एकमेकींवर चढलेल्या असतात. तिची पकड पुढून मागे जाणाऱ्या पट्टीसारखी असते. ती एका फेरीत जास्त जमीन तपासते आणि खनिजयुक्त मातीत शांत राहते. आजच्या बहुतेक मशीनसोबत हीच कॉइल येते ती म्हणूनच.

लंबगोल कॉइलबाबत एक गैरसमज हमखास असतो. २५ बाय १३ सेंमीची कॉइल २५ सेंमीच्या गोल कॉइलएवढी खोल जाईल असं वाटतं. तसं होत नाही. खोलीवर लांबीपेक्षा रुंदीचा प्रभाव जास्त असतो. लांबीचा उपयोग जमीन झाकायला आणि झुडपांच्या बुंध्यांमध्ये कॉइल शिरवायला होतो.

फ्रीक्वेन्सी: "कमी म्हणजे खोल" यातलं खरं आणि खोटं

कमी फ्रीक्वेन्सी जमिनीत खोल शिरते आणि जास्त फ्रीक्वेन्सी वरच अडते, असं सगळीकडे सांगितलं जातं. परिणाम कधी कधी तसा दिसतो, पण कारण चुकीचं सांगितलं जातं, आणि चुकीच्या कारणावरून लोक चुकीची कॉइल आणि चुकीचं मशीन निवडतात.

साध्या, मध्यम ओलसर जमिनीत १० किलोहर्ट्झचं क्षेत्र मातीच्या विद्युतवाहकतेमुळे लक्षणीय कमी व्हायला पन्नास मीटरच्या आसपास खोली लागते. आपण बोलतोय वीस-तीस सेंमीबद्दल. म्हणजे माती क्षेत्राला अडवत नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातसुद्धा हे अंतर दोन मीटरच्या पुढे आहे.

मग फरक पडतो कुठे? धातूच्या वस्तूत. प्रत्येक वस्तूत एडी करंट सुरू झाल्यावर विझायला ठरावीक वेळ लागतो. चांदीचं जाड नाणं किंवा तांब्याचा गोळा यांत तो बराच टिकतो. सोन्याचा कण, पातळ अंगठी, अ‍ॅल्युमिनियमचा कागद यांत तो क्षणार्धात मरतो. हा विझण्याचा काळ ५ मायक्रोसेकंद असलेली वस्तू घ्या. ५ किलोहर्ट्झवर ती तिच्या कमाल प्रतिसादाच्या १५ टक्क्यांएवढाच प्रतिसाद देते आणि ४५ किलोहर्ट्झवर ८० टक्क्यांच्या वर. पाच पटींचा फरक. आता १०० मायक्रोसेकंदांची वस्तू घ्या, म्हणजे चांगल्या वाहक धातूची जाड वस्तू. ती ५ किलोहर्ट्झवरच ९५ टक्क्यांना पोचलेली असते. फ्रीक्वेन्सी नऊपट केल्यावर तिला मिळवायला ५ टक्केच उरलेले असतात.

म्हणून बारीक सोन्यासाठी बनवलेली मशीन जास्त फ्रीक्वेन्सीवर चालतात. माइनलॅबचं गोल्ड मॉन्स्टर १००० हे ४५ किलोहर्ट्झवर आणि फिशरचं गोल्ड बग २ हे ७१ किलोहर्ट्झवर. नाणी शोधणाऱ्यांच्या गॅरेट एस २५० ची फ्रीक्वेन्सी ६.५ किलोहर्ट्झ आहे, आणि एटी प्रोची १५, म्हणजे दोन्ही टोकांच्या मधली.

मोठ्या चांदी-तांब्यासाठी कमी फ्रीक्वेन्सी बरी पडते, त्याची कारणं वेगळी आहेत. त्याच व्होल्टेजवर कमी फ्रीक्वेन्सीला कॉइलमधून जास्त प्रवाह ढकलता येतो. चांगल्या वाहक धातूंमधला एकमेकांपासूनचा फरक कमी फ्रीक्वेन्सीवर जास्त ठळक दिसतो, जास्त फ्रीक्वेन्सीवर त्यांचे स्क्रीनवरचे ओळख-आकडे वरच्या टोकाला दाटीवाटीने गोळा होतात. शिवाय ओल्या, खाऱ्या मातीचा वाहक सिग्नल फ्रीक्वेन्सीसोबत वाढतो, म्हणजे कमी फ्रीक्वेन्सीवर तो गोंगाट कमी.

सोनसाखळीचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. तोळाभर वजनाची साखळी म्हणजे धातू भरपूर, सिग्नल दणदणीत यायला हवा. पण साखळी हातात घेऊन जवळून बघा. कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात. एडी करंट एका कडीतून दुसरीत नीट ओलांडत नाही, प्रत्येक कडीत वेगळा फिरतो. डिटेक्टरला ती साखळी म्हणून दिसत नाही, चिमुकल्या कड्यांचा ढीग म्हणून दिसते. बहुतेक वेळा आवाज येतो तो जाडसर हुकाचा. त्यामुळे हरवलेली साखळी शोधायची असेल तर छोटी कॉइल, जास्त फ्रीक्वेन्सी आणि कॉइल जमिनीला जवळपास टेकलेली, असंच काम करा. तीच साखळी ६ किलोहर्ट्झच्या मशीनला मोठी कॉइल लावून शोधणं म्हणजे जवळजवळ न शोधणंच.

पायरी १: काय शोधायचं ते आधी ठरवा

"काहीही सापडलं तरी चालेल" म्हणून निघालात तर सोबत आलेली मधली कॉइल, म्हणजे २५ ते २८ सेंमीची, आणि १० ते १५ किलोहर्ट्झ हे बरोबर आहे. त्यात बदल करायचा तो ठरावीक कारणासाठी. बारीक दागिना किंवा सोन्याचे कण असतील तर १५ सेंमीच्या आसपासची कॉइल आणि २० किलोहर्ट्झच्या वर. शेतातली, पसरलेली, खोल गेलेली मोठी नाणी असतील तर ३० ते ३३ सेंमी आणि ५ ते १० किलोहर्ट्झ. एकापेक्षा जास्त फ्रीक्वेन्सी एकाच वेळी वापरणारं मशीन असेल तर ओल्या खाऱ्या वाळूत तोच मोड लावा. वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सींचे प्रतिसाद ताडून ते मिठाचा सिग्नल बाजूला काढू शकतं, एकटी फ्रीक्वेन्सी तिथे अडखळते.

पायरी २: जमीन ओळखा

एक लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या मातीतून ओढा. काळे कण दाट चिकटले तर लोहखनिज भरपूर आहे. तिथे मोठी कॉइल घरीच ठेवा आणि डबल-डी वापरा. कण जवळपास नसतील तर मोठ्या कॉइलला संधी द्या. जमिनीत खिळे, पत्रे, बाटल्यांची झाकणं फार असतील तर खनिज कमी असूनही छोटीच कॉइल. मोठ्या कॉइलखाली खिळा आणि नाणं एकाच वेळी येतात, आणि खिळ्याचा आवाज नाण्याला झाकून टाकतो. अशा कचऱ्यात १५ सेंमीची कॉइल २८ सेंमीच्या कॉइलपेक्षा जास्त खोलवरची नाणी काढते, कारण तिला ती निदान वेगळी ऐकू येतात.

पायरी ३: कॉइल आणि मशीन जुळतात का ते तपासा

कॉइल मशीनच्या फ्रीक्वेन्सीला जुळवलेली असते. एका मशीनची कॉइल प्लग बसला म्हणून दुसऱ्याला लावू नका. काही मशीनमध्ये तर फ्रीक्वेन्सी कॉइलच ठरवते. माइनलॅब एक्स-टेरा ७०५ ला ३, ७.५ आणि १८.७५ किलोहर्ट्झच्या वेगवेगळ्या कॉइल होत्या. कॉइल बदलली की फ्रीक्वेन्सी बदलली.

केबल दांड्याला घट्ट गुंडाळा. कॉइलजवळ सैल केबल हलली तरी खोटे आवाज येतात, आणि लोक त्यासाठी सेन्सिटिव्हिटी (मशीन किती मंद सिग्नल पकडेल ती पातळी) कमी करून खोली घालवतात.

पायरी ४: मशीन त्या जागेला बसवून घ्या

क्रम असा ठेवा. आधी कॉइल हवेत धरून नॉइज कॅन्सल करा, म्हणजे आसपासचा विजेचा गोंगाट टाळणारी सोय चालवा. मग धातू नसलेली जागा शोधून ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मातीच्या स्वतःच्या सिग्नलकडे मशीन दुर्लक्ष करेल अशी जुळवणी करा: कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंमीवरून तीस सेंमीपर्यंत वर-खाली करत राहा, आवाज सपाट होईपर्यंत. जमिनीचा रंग किंवा ओल बदलली की हे पुन्हा करा. खनिजयुक्त जमिनीत ग्राउंड बॅलन्स चुकला असेल तर कुठल्याही कॉइलने खोली मिळणार नाही.

सेन्सिटिव्हिटी शेवटी. ती पूर्ण वर नेण्याचा मोह सगळ्यांना होतो. मीसुद्धा सुरुवातीला एक अख्खी सकाळ मोठी कॉइल आणि शेवटच्या आकड्यापर्यंत चढवलेली सेन्सिटिव्हिटी घेऊन फिरलो. हेडफोनमध्ये इतकी चिवचिव होती की एकही आवाज धड ओळखता आला नाही. दुपारी चार पायऱ्या खाली आणली आणि सकाळी ज्यावरून गेलो होतो त्याच पट्ट्यात सिग्नल मिळू लागले. मशीन स्थिर ठेवून फिरवताना थोडी कुजबुज ऐकू यावी, बडबड नको. ती पातळी योग्य.

गोंगाट जवळचाही असू शकतो, आणि हा अनुभव जुना आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी आपलं यंत्र लावलं होतं. गोळी सापडली नाही. पलंगाच्या गादीत लोखंडी स्प्रिंग होत्या आणि गोळी अंदाजापेक्षा खोल होती. आज तुमच्या बुटातला लोखंडी तुकडा, कमरेचं खोदायचं हत्यार आणि खिशातला फोन हीच गडबड करतात.

पायरी ५: कॉइल फिरवणं

खोली सर्वांत जास्त वाया जाते ती इथे. कॉइल जमिनीपासून ५ सेंमी वर ठेवून फिरवलीत, तर तुमच्या खोलीतले तेवढे ५ सेंमी हवेवर खर्च झाले, आणि ते परत मिळवायला कुठलीही महागडी कॉइल पुरत नाही. गवत असेल तर दाबत जा. फेरीच्या दोन्ही टोकांना हात नकळत वर उचलला जातो. कॉइल कंसात फिरत नसून जमिनीला समांतर सरकते आहे ना, याकडे पहिली दहा मिनिटं फक्त लक्ष द्या.

प्रत्येक फेरी मागच्या फेरीवर अर्ध्याने चढली पाहिजे. कॉन्सेंट्रिक कॉइलला तर हे आणखी गरजेचं, कारण खोलात तिची पकड निमुळती आहे. अर्ध्याने न चढणाऱ्या फेऱ्यांमध्ये वरचा थर पूर्ण तपासला जातो आणि खालचा पट्ट्यापट्ट्यांत सुटतो. वेग मध्यम ठेवा. खोल वस्तूचा आवाज मंद, गोलसर आणि थोडा लांब असतो, घाईत तो निसटतो. एका बाजूने आवाज आला आणि दुसऱ्या बाजूने नाही, तर जागेवर ९० अंशांत वळून पुन्हा फिरवा. उभं पडलेलं नाणं आडव्या नाण्यापेक्षा बरंच कमी बोलतं.

वजनही हिशोबात धरा. ३८ सेंमीच्या कॉइलने दोन तासांत दंड भरून येतो. मग फेरी तोकडी होते आणि कॉइल वर उचलली जाते. संध्याकाळपर्यंत हात तसाच चालू राहणार नसेल तर ३० सेंमीची घ्या.

पायरी ६: पल्स इंडक्शन कधी

जमीन खनिजांनी इतकी भरलेली असेल की व्हीएलएफ कुठेच शांत होत नाही, किंवा ओला खारा किनारा असेल, तर पल्स इंडक्शन मशीनचा विचार करा. ते सतत लहर सोडत नाही. प्रवाह झटक्याने बंद करतं आणि काही मायक्रोसेकंद थांबून वस्तूतला विझत जाणारा प्रवाह ऐकतं. तोवर मातीचा बहुतेक प्रतिसाद ओसरलेला असतो. तिथे फ्रीक्वेन्सीच्या जागी हा थांबण्याचा काळ महत्त्वाचा: बारीक सोन्यासाठी तो कमी हवा, नाहीतर कणाचा सिग्नल ऐकायच्या आधीच संपतो. मोठ्या कॉइलचा फायदा या मशीनमध्ये जास्त दिसतो. पण लोखंड ओळखण्यात ती कच्ची असतात, त्यामुळे कचऱ्याच्या जागी खड्डेच खड्डे खणावे लागतात.

पायरी ७: स्वतःची चाचणी

हवेत नाणं धरून मोजलेली खोली दोन कॉइलची तुलना करायला ठीक आहे. जमिनीतली खोली तिच्यावरून कळत नाही. लाकडी पट्टीला एक नाणं टेपने चिकटवा, घड्याळ आणि अंगठी काढून ठेवा, आणि कॉइल स्थिर ठेवून नाणं तिच्यासमोर हळू आत-बाहेर हलवा. आवाज पक्का येण्याचं शेवटचं अंतर टिपून घ्या. तीच कृती दुसऱ्या कॉइलने, त्याच सेन्सिटिव्हिटीला करा.

मग परवानगी असलेल्या जागी जमिनीत चाचणीची रांग करा. तीच वस्तू ५, १०, १५, २० आणि २५ सेंमीवर, एकमेकांपासून किमान एक मीटर अंतरावर. दुसऱ्या रांगेत बारीक वस्तू, तिसऱ्या रांगेत नाण्याच्या शेजारी दहा सेंमीवर एक खिळा. माती घट्ट दाबा. ताजी उकरलेली भुसभुशीत माती न हललेल्या जमिनीसारखी वागत नाही, म्हणून पहिल्या दिवशीचे आकडे कच्चे समजा आणि एक-दोन पाऊस झाल्यावर पुन्हा मोजा. खरोखर खणताना खड्ड्यात पट्टी घालून वस्तू सापडल्याची खोली मोजा. स्क्रीनवरचा खोलीचा आकडा नाण्याएवढी वस्तू धरून काढलेला असतो, मोठ्या पत्र्याला तो उथळ दाखवतो आणि बारीक कणाला खोल.

वहीत प्रत्येक वेळी सहा गोष्टी लिहा: कॉइल, फ्रीक्वेन्सी, सेन्सिटिव्हिटी, ग्राउंड बॅलन्सचा आकडा, वस्तू आणि तिची मोजलेली खोली. पंधरा-वीस नोंदी झाल्यावर सर्वांत खोल सापडलेल्या पाच वस्तूंसमोर कोणती कॉइल लिहिलेली आहे ते पाहा, आणि पुढच्या वेळी त्या जमिनीवर तीच लावून निघा.